शालिमार, ऊद आणि थंडीतल्या संध्याकाळी

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लोकरीच्या शालींच्या मागे, अत्तराची एक बाटली ठेवलेली असते. वर्षातले नऊ-दहा महिने तिच्याकडे कुणी पाहत नाही. दिवाळी उलटून थंडी स्थिरावली, निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की शाली बाहेर निघतात आणि त्यांच्यामागून तीही. बाटलीवरचे नाव 'शालिमार', बनवणारे घराणे पॅरिसचे, गेर्लँ. आमची भाची शिकायला फ्रान्सला होती; २०१९ च्या डिसेंबरात सुटीला आली तेव्हा तिने ती आणली. "मावशी, हे उन्हाळ्यात लावायचं नाही. थंडीत, संध्याकाळी, आणि थेंबभरच," अशी ताकीद देऊन तिने ती हातात ठेवली.

मराठी शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांच्या घरात असे अत्तर येणे हा थोडा गमतीचाच प्रकार होता. आमचे सुगंधविश्व म्हणजे देव्हाऱ्यातली उदबत्ती, श्रावणातला केवडा, लग्नाच्या मांडवात मनगटावर टेकवला जाणारा हिना आणि उन्हाळ्यात माठात सोडलेला वाळा. त्यापलीकडे आम्ही कधी गेलो नव्हतो, आणि जावेसे वाटलेही नव्हते.

एक खुलासा आरंभीच करायला हवा. हा लेख आम्ही दोघांनी, म्हणजे पतिपत्नींनी, मिळून लिहिला आहे. त्यामुळे 'आम्ही' हे सर्वनाम येथे खरोखरच अनेकवचनी आहे. महाविद्यालयीन अहवालांत, स्मरणिकांच्या मनोगतांत आम्ही हे सर्वनाम आजवर बेफिकिरीने वापरले. वासाविषयी लिहू लागल्यावर मात्र ते पदोपदी अडखळू लागले. दोन माणसे एकच चित्र पाहतात, एकच गाणे ऐकतात, असे निदान मानून चालता येते. एका बाटलीतून दोघांना एकच वास येतो, असे मानून चालता येईल का? आमच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही, म्हणून हे लेखन.

*

त्या जानेवारीत, एका संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयातल्या व्याख्यानाला निघताना आम्ही ते पहिल्यांदा लावले. पहिला झोत लिंबाच्या सालीसारखा, तरतरीत आणि किंचित कडसर. हे बर्गमॉट नावाचे ईडलिंबाच्या कुळातले फळ, हे भाचीने नंतर सांगितले. दहा-पंधरा मिनिटांत तो ओसरला आणि खालून काही फुले डोकावली. मग फुलेही मागे सरली. व्याख्यान रंगात आले तोवर शालीच्या काठातून एक उबदार, गोडसर, धुरकट असा वास येऊ लागला होता, आणि तो रात्री घरी येईपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी घडी घालताना शालीला तोच वास होता.

परतीच्या वाटेवर आमचा वाद झाला. "हे तर आइस्क्रीम आहे," ती म्हणाली. "व्हॅनिला. लग्नातल्या कागदी कपातलं." तो म्हणाला, "छे, हा ऊद आहे. बाळंतिणीच्या खोलीतला. आईच्या शेगडीचा."

आई म्हणजे त्याची आई, माहेर रावेरचे. तिच्या शेगडीविषयी सांगायला हवे. आमच्या मुलीच्या जन्मानंतर सव्वा महिना रोज सकाळी न्हाऊ घालून झाले की आई लोखंडी शेगडीत निखारे फुलवी. त्यांवर ओवा, शेपा, वावडिंग आणि शेवटी उदाचे दोन खडे. धूर वर येऊ लागला की बाळाला दोन्ही तळव्यांवर पालथे धरून ती हलक्या हाताने त्या धुरावरून फिरवी. मग बाळंतिणीची पाळी. ओले केस मोकळे सोडून, पाठीवर जुने लुगडे पांघरून बसायचे आणि धूर आत घ्यायचा. खोली कोंदून जाई, डोळे चुरचुरत. तेवढे आटोपले की आई शेगडी उचलून घरभर फिरवी आणि कपाटाची दारे उघडून साड्यांच्या घड्यांनाही थोडा धूर दाखवी.

त्या संध्याकाळी वादाचा निकाल लागला नाही. लागण्याची आवश्यकताही वाटली नाही. आइस्क्रीम की ऊद, यावर कोणाचे काय अडले होते?

*

आम्ही पडलो मास्तर. वस्तू घरात आली की तिच्याविषयी वाचणे ओघाने आलेच. 'शालिमार'चा जन्म कसा झाला याची कथा अशी : १८८९ साली एमे गेर्लँ यांनी 'जिकी' नावाचे अत्तर केले होते. नैसर्गिक अर्कांच्या जोडीला प्रयोगशाळेत घडवलेली द्रव्ये मोकळेपणाने वापरणाऱ्या आरंभीच्या अत्तरांत त्याची गणना होते. पुढच्या पिढीतल्या जाक गेर्लँ यांच्या हाती एथिल व्हॅनिलिन हे नवे रसायन आले. साध्या व्हॅनिलिनच्या तीन-चार पट तीव्र असलेले ते द्रव्य त्यांनी 'जिकी'च्या बाटलीत सढळ हाताने ओतून पाहिले, आणि 'शालिमार'चे बीज पडले. १९२५ च्या पॅरिसमधील शोभिवंत कलांच्या महाप्रदर्शनात हे अत्तर लोकांसमोर आले. म्हणजे आता त्याला शंभर वर्षे होऊन गेली.

नावाची कथा त्याहून रंजक आहे. शाहजहान आणि मुमताज यांच्या प्रेमाने भारलेली शालिमार बाग, तिची ही आठवण, असे अत्तराच्या जाहिराती आजवर सांगत आल्या. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. श्रीनगरची शालिमार बाग जहांगिराने १६१९ मध्ये आखली; तेव्हा शाहजहान अजून राजपुत्र होता. शाहजहानने स्वतःच्या कारकिर्दीत लाहोरला जी शालिमार बाग उभारली, तिचे काम सुरू झाले १६४१ मध्ये. मुमताज त्याआधी दहा वर्षे, १६३१ मध्ये, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली होती. लाहोरच्या त्या बागेत तिचे पाऊल पडणे शक्यच नव्हते.

हे वाचले तेव्हा आईला सांगितले. बुऱ्हाणपूर म्हणजे रावेरचे शेजारगाव. आईच्या लहानपणी लग्नाच्या खरेदीला बुऱ्हाणपूरला जाण्याची पद्धत होती. ती एवढेच म्हणाली, "बाळंतपणात गेली ना ती? मग तिच्या खोलीतही धुरी असेलच." इतिहास म्हणून या विधानाला आधार नाही. पण बागेच्या कारंज्यांपेक्षा तिला बाळंतिणीची खोली आधी दिसली, हे आम्ही विसरलो नाही.

पश्चिमेने पूर्वेकडून वास घेतले आणि त्यांच्यासोबत एक काल्पनिक पूर्वही घडवली. गोड, धुरकट, राळेसारख्या अत्तरांचा जो वर्ग, त्याला अत्तरव्यवसायात दीर्घकाळ 'ओरिएंटल' म्हणत. 'शालिमार' हे त्याचे ठळक उदाहरण. एडवर्ड सैद यांचा 'ओरिएंटॅलिझम' १९७८ चा. हा ग्रंथ आम्ही पदव्युत्तर वर्गांत वर्षानुवर्षे समजावत आलो. अत्तरांच्या वर्गीकरणाचे मान्यवर अभ्यासक मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ मध्ये आपल्या वर्गीकरणातून तो शब्द काढून 'अंबर' हा शब्द आणला. शब्द बदलला हे योग्यच झाले. मात्र आमच्यापुरती गंमत अशी की, ज्याला पॅरिसने दूरच्या पूर्वेचे स्वप्न म्हणून बाटलीत भरले, ते आमच्या घरी रोज सकाळी लोखंडी शेगडीतून निघत होते, आणि त्यात स्वप्नवत असे काही नव्हते. डोळे चुरचुरत असत.

व्हॅनिलाची कहाणी मात्र नुसती गमतीची नाही. ही मूळची मेक्सिकोची ऑर्किड वेल. युरोपीयांनी ती वसाहतींत नेऊन लावली. वेल फोफावे, फुले येत, शेंग मात्र धरत नसे. फुलातला परागकोश आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियोंवर, एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने तो पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधली. जगभरची व्हॅनिलाची लागवड आजही याच युक्तीवर चालते. त्याला १८४८ मध्ये, गुलामी रद्द झाली तेव्हा, स्वातंत्र्य आणि 'आल्बियुस' हे आडनाव मिळाले. १८८० मध्ये तो दारिद्र्यात मेला.

ही युक्ती आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. कोणाची हे तेव्हा ठाऊक नव्हते. २००३ च्या सुमारास व्हॅनिलाचे भाव आकाशाला भिडले होते. केरळ-कर्नाटकाच्या पाठोपाठ कोकणातल्या काही बागायतदारांनीही पोफळीच्या बागांत वेली चढवल्या. आमच्या नात्यातल्या एक काकू सिंधुदुर्गात सकाळी सात वाजता नारळाच्या हिराची बारीक काडी घेऊन वेलीपाशी उभ्या राहत. फूल एकाच सकाळी उमलते. दुपारपूर्वी हे काम झाले नाही तर ते वाया जाते. शेंग पक्व व्हायला पुढे आठ-नऊ महिने. आम्ही उत्सुकतेने एक हिरवी शेंग मोडून हुंगली. वास काहीच नव्हता. काकू हसल्या. "हिला गरम पाण्यात बुडवायची, घोंगडीत गुंडाळून घामेजवायची, मग उन्हात आणि सावलीत महिनोन्महिने वाळवायची. मग वास." पुढच्याच एक-दोन वर्षांत भाव कोसळले आणि काकूंनी वेली काढून टाकल्या.

*

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरातल्या तिघांना एकापाठोपाठ करोना झाला. तपशिलात जाण्याचे कारण नाही. ते दिवस वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिले आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई गेली.

आमच्यापैकी तिची घ्राणशक्ती आईच्या आधी दहा दिवस गेली होती. सकाळी चहात आले ठेचताना तिच्या लक्षात आले की आल्याला वास नाही. मग चहालाही नाही, साबणाला नाही, फिनेलला नाही. तापाच्या भरात त्याचे विशेष काही वाटले नाही. आई गेल्यावर तेरा दिवस घरात ऊद जळत होता. तो उदाच्या धुरात बसून होता, आणि त्या वासाने त्याला एकाच वेळी मुलीचा जन्म आणि आईचा मृत्यू यांच्यामध्ये लोंबकळत ठेवले. ती त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर, त्याच धुरात बसली होती. डोळे चुरचुरत होते, वास नव्हता. पुष्कळ दिवसांनी तिने सांगितले की, ते दिवस तिला मूकपटासारखे आठवतात. सगळे दिसते, कोणी बोलत नाही. आईला नीट निरोप दिला असे तिला वाटत नव्हते. त्याला हे समजले नाही, आणि समजत नाही हे कबूल करायलाही त्याला काही महिने लागले. पंचवीस वर्षांच्या संसारात दुःखसुद्धा सामायिक असते, अशी त्याची भाबडी समजूत होती.

वास जाणे म्हणजे काय हे ज्यांना अनुभवावे लागले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दूध उतू जाऊन करपले तरी कळत नाही. गॅस चालू राहिला तर कळत नाही, म्हणून दिवसातून पाचदा शेगडीचे खटके तपासायचे. घामाचा वास येतो की नाही हे दुसऱ्याला विचारायचे. भाजीला फक्त तिखट-मीठ-आंबट उरते. ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या मांडणीतून चालताना आपण कुठल्या विभागात आहोत हे तिला पूर्वी वासाने कळत असे. आता लेबले वाचावी लागत.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी घ्राण-सराव सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील थोमास हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा उपचार अभ्यासून मांडला होता : गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी, हे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी काही सेकंद, किमान बारा आठवडे हुंगायचे. हुंगताना तो वास आठवायचाही. एखादी हरवलेली कविता पाठ करावी तसे.

तिसऱ्या आठवड्यात ती आनंदाने म्हणाली, "नीलगिरी आली!" पाठोपाठ कापूरही आला. आम्ही डॉक्टरांना फोन केला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तो वास नव्हे, स्पर्श आहे." नीलगिरीचा गारवा, कापराचा झणका, अमोनियाचा चटका हे सारे चेहऱ्याच्या स्पर्शसंवेदना वाहणारी निराळी चेता मेंदूकडे नेते. गंधाची चेता निकामी असली तरी ते जाणवते. त्यांनी पुढे जे सांगितले त्याने आम्ही दोघेही कपाटाकडे पाहू लागलो. व्हॅनिला हा जवळजवळ निव्वळ वास आहे. तो टोचत नाही, गार लागत नाही, झोंबत नाही. घ्राणशक्ती पूर्णपणे गेलेल्या माणसाला व्हॅनिला मुळीच कळत नाही. म्हणून व्हॅनिला आली, तर वास परत आला असे खरोखर समजावे.

त्या दिवसापासून चार वासांच्या जोडीला पाचवी परीक्षा सुरू झाली. रोज संध्याकाळी एका जुन्या शालीच्या टोकावर 'शालिमार'चा एक थेंब. तो विचारी, "काही?" ती म्हणे, "काही नाही." पावसाळा गेला. ऑक्टोबरात वास आले, पण विपरीत होऊन. कॉफी जळक्या रबरासारखी, परतलेला कांदा सडक्यासारखा. असे होते, आणि ही सुधारणेची खूण असू शकते, असे डॉक्टर म्हणाले. ही सुधारणा सोसताना तिचे वजन चार किलोंनी घटले. शालीच्या टोकातून या काळात फक्त करपट धूर येई. तो नाकाशी धरला की तिला मळमळे. तरीही तिने परीक्षा थांबवली नाही.

*

या काळात आम्ही दोघे वासाचे शब्द गोळा करू लागलो. आरंभी हा वेळ घालवण्याचा उद्योग होता. पुढे त्याची गरज पडू लागली, कारण तिला काय येते आहे हे त्याला कळण्याचा शब्दांवाचून दुसरा मार्ग नव्हता. मराठीत वाईट वासांना नेमके शब्द आहेत, आणि त्यांतले कितीतरी एकाच साच्यातून निघालेले : करपट, जळकट, धुरकट, कुबट, खवट, कोंदट, ओशट, कुजकट. त्या 'ट'मध्येच नाक मुरडलेले आहे. चांगल्या वासांकडे वळले की मात्र भाषा सामान्यनामांवर आणि क्रियापदांवर भिस्त ठेवते : सुवास, परिमळ, दरवळणे, घमघमणे. हे शब्द वास कसा पसरतो ते सांगतात, कसला आहे ते सांगत नाहीत. 'खमंग' आणि 'खरपूस' हे सन्माननीय अपवाद, आणि दोघेही स्वयंपाकघरातले. व्हॅनिलाच्या वासाला मराठीत विशेषण नाही. असण्याचे कारणही नाही. ऊद तर पिढ्यान्‌पिढ्या घरात असूनही त्याच्या वासाला 'उदाचा' यापलीकडे शब्द नाही.

याचा अर्थ परंपरेला गंधाचे भान नव्हते असा नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर अध्याय आहे, आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १८२० प्रकार तो मोजतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त धूपाच्या उपभोगाला स्वतंत्र जागा दिली आहे. आमच्या विषयाला सर्वांत जवळचा म्हणजे 'गंधवाद' हा ग्रंथ, कारण त्यावर जुनी मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ मध्ये त्या हस्तलिखितावर लिहिले आणि त्याचा काळ साधारणपणे १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठेवला. मराठी गद्याचा इतिहास आम्ही दोघांनी मिळून चाळीसएक वर्षे शिकवला आहे. महानुभाव गद्य, बखरी, अव्वल इंग्रजी काळ. अत्तराच्या कृतींवरची मराठी टीका त्या इतिहासात आम्ही कधी उच्चारलीही नव्हती. हे वर्गात सांगायला हवे होते.

'ऊद' या शब्दाचाही शोध घेतला. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड. तेथून ते नाव अगरूच्या सुगंधी लाकडाला मिळाले, आणि अत्तराच्या बाजारात आजही 'ऊद' म्हणजे अगरूच. आपल्या घरांत मात्र ऊद म्हणजे एका झाडाची राळ, अगरूशी संबंध नसलेली. तिलाच कोणी लोबान म्हणतात. पण 'लुबान' हेही मुळात अरबस्तान-सोमालियाकडच्या वेगळ्या धुपाचे नाव. 'लुबान जावी', म्हणजे जाव्याचा धूप, या अरबी नावावरून युरोपीय भाषांतले 'बेंझॉइन' घडले. एक वस्तू आणि दुसरीचे नाव, असा हा प्रवास आहे. 'उदबत्ती' म्हणताना आपण तो सगळा एका दमात उच्चारतो.

*

२०२२ च्या जानेवारीतली ती संध्याकाळ. थंडी चांगली पडली होती. थंडीतच हे अत्तर का लावायचे याचे कारण तोवर आम्हाला कळले होते. वास म्हणजे हवेत उडणारे कण. उकाड्यात ते एकदम उसळतात आणि गोड, जड अत्तर डोक्यात जाते. थंड हवेत ते सावकाश सुटतात, लोकरीला चिकटून राहतात, आणि जवळ येईल त्यालाच भेटतात. नेहमीप्रमाणे शालीच्या टोकावर थेंब टाकून आम्ही उत्तरपत्रिका तपासायला बसलो. तासाभराने तिने लाल पेन खाली ठेवले.

"काही?" त्याने विचारले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आईंच्या साडीचा."

तो उठला. आईचे कपाट आम्ही तोवर आवरले नव्हते. त्यातली एक इरकली त्याने काढली आणि तिच्या हातात दिली. एका हातात शाल, एका हातात साडी धरून ती आलटून पालटून हुंगत राहिली आणि रडू लागली. आठ महिन्यांत ती आईसाठी अशी रडली नव्हती. ऊद जळत होता त्या तेरा दिवसांतही नाही. त्या खोलीत तिला त्या रात्री प्रथमच आईचा वास आला, आणि आई नाही हेही तेव्हाच आले.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या वादाचा निकाल लागला. सयामी उदात, म्हणजे थायलंड-लाओसकडच्या झाडाच्या राळेत, व्हॅनिलिन असते. आइस्क्रीम म्हणणारी आणि ऊद म्हणणारा असे दोघेही दोन वर्षांपूर्वी एकाच रेणूबद्दल भांडत होते. शिवाय अत्तरातले ओपोपोनॅक्स हे आपल्या गुग्गुळाच्याच कुळातल्या झाडाचा डिंक. जाक गेर्लँ यांनी ज्याला पूर्वेचे स्वप्न म्हटले त्याचा निम्मा ऐवज आईच्या फडताळात खड्यांच्या रूपात, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेला होता. आणखी एक शोध शिक्षक म्हणून आम्हाला विशेष हृद्य वाटला. कागदातले लिग्निन जुने होत विघटते तेव्हा त्यातूनही व्हॅनिलासारखा वास सुटतो. जुन्या पुस्तकांच्या त्या ओळखीच्या गोडसर वासात त्याचा वाटा आहे. उलट एका काळी कागद-गिरण्यांच्या टाकाऊ द्रवातून व्हॅनिलिन बनवीत असत. ग्रंथालय, आइस्क्रीमचा कप, बाळंतिणीची खोली आणि पॅरिसचे अत्तर यांना जोडणारा धागा आमच्या घरात कितीतरी वर्षे होता.

येथे लेख संपवला असता तर तो गोड झाला असता. पण वस्तुस्थिती अशी की तिची घ्राणशक्ती पूर्ण परतलेली नाही. 'शालिमार'चा आरंभीचा तो लिंबासारखा झोत तिला आजही येत नाही. मधली फुले येत नाहीत. थेंब टाकल्यावर तासभर तिच्यासाठी बाटली मुकीच असते. मग ऊद येतो. तो दारातच हसणाऱ्या पाहुण्याला भेटतो. ती पाहुणा बसल्यावर, चहा झाल्यावर. अत्तराच्या शेवटच्या अंकात आमची गाठ पडते. तेथेही आम्हाला एकच येते का, हे सांगता येणार नाही. त्या वासाला त्याच्या लेखी तेरा दिवसांचा धूर चिकटला आहे, आणि तिच्या लेखी एका जानेवारीतली रात्र.

कोणा विद्यार्थ्याने विचारले की कवितेतला 'आम्ही' कोण, तर पूर्वी आम्ही कवी आणि समाज, कवी आणि पिढी अशी उत्तरे देत होतो. अलीकडे ती देताना जीभ जरा जड होते. एका खोलीत, एका धुरात बसलेल्या दोघांचे 'आम्ही' होण्यासाठी आठ महिने लागले, आणि तेही शब्दांवाचून झाले नाही. 'करपट', 'धुरकट', 'रबरासारखा', 'आईंच्या साडीचा' असे एकेक शब्द तिने पुढे सरकवले म्हणून तो तिच्यापर्यंत पोहोचू शकला.

बाटली आता तळाला आली आहे. भाची विचारते, दुसरी आणू का? आम्ही अजून हो म्हटलेले नाही. गेल्या थंडीत आमची मुलगी सुटीला घरी आली होती. ज्या मुलीला रोज सकाळी धुरावरून फिरवले, तिच्या खांद्यावर ती जुनी शाल टाकली. तिने टोक नाकाशी नेले आणि विचारले, "हा कसला वास आहे?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी उत्तर दिले. दोन निरनिराळी उत्तरे.